साईंचं शेवटचं कलम

साईंसमोर नुसती मान हलवून भागायचं नाही. बाकी दुनियेत सगळीकडे भागतं. बँकेत भागतं, वकिलाकडे भागतं, लग्नाच्या बैठकीत तर निम्मी माणसं मानच हलवत बसलेली असतात. पण साईंनी समोर कराराचा कागद ठेवला आणि तुम्ही "हो हो, समजलं" म्हणत पेनाकडे हात नेला, की ते पेन उचलून आपल्या खिशात घालायचे.

"मुंडी हलवायची नाही, अदी. समजलं असेल तर बोलून दाखवा. तुमच्या भाषेत."

अदी म्हणजे सिंधीत बहीण. त्यांचं खरं नाव करारावर टाइप केलेलं असायचं, पण मी त्या नावाने त्यांना एकदाही हाक मारली नाही. उल्हासनगरात कुणीही कुणालाही साईं म्हणतं, पण आमच्या गाळ्यावर साईं म्हटलं की तेच. नव्वद सालानंतरचे ते दिवस. अंबरनाथ-उल्हासनगरच्या धंदेवाल्यांनी नुकते कुठे कम्प्युटर घ्यायला सुरुवात केली होती. त्याला वेगळी खोली, एसी, चपला बाहेर काढा, नव्या सुनेचे होत नसतील इतके लाड. विकणारा विकून मोकळा व्हायचा आणि ते धूड बंद पडलं की शेठजी त्याच्याकडे बघत बसायचे. मग साईंना फोन. वर्षाचा करार करायचा आणि वर्षभर ते बघणार, हा त्यांचा धंदा.

दुकान उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये. खाली साड्यांच्या फॉल-अस्तराचं दुकान, बाजूने अंधारा जिना, वर साईंची खोली. खोलीत पोट फाडून ठेवलेले कम्प्युटर आणि मध्ये एक टेबल. तिथे गेलं की आधी भाजलेला पापड यायचा, मग पाणी, मग बोलणं. घाईत असलात तरी पापड खावाच लागायचा. एकदा आमचं मशीन बंद, माझा जीव खालीवर, आणि साईं म्हणतात, "अदी, पापड नरम पडेल."

अंगाने उंच, खांद्यात वाकलेले, पांढरा सफारी, आणि वरच्या खिशात पेनाशेजारी रंगाऱ्याचा ब्रश. त्या ब्रशने ते कम्प्युटरच्या आतली धूळ झाडायचे, आणि झाडताना त्याच्याशी सिंधीत बोलायचे. काय बोलायचे कोण जाणे, पण सूर पोराला आंघोळ घालणाऱ्या आईचा. स्कूटरला मागे एक घडीचं स्टूल बांधलेलं असायचं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे नाहीत. म्हणायचे, "खुर्ची दिली की चहा येतो, चहा आला की गप्पा येतात, मग मी काम विसरतो." गप्पा ते स्टुलावर बसूनही भरपूर मारायचे, ती गोष्ट वेगळी!

आता आमचं सांगते. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा छोटा गाळा होता. औषधांच्या बाटल्यांवर लावायची लेबलं छापायचो. छापायचो म्हणजे हे छापायचे. मी बेलवलीला घर बघायचे, दोन मुलं आणि सासूबाई. ह्यांनी हौसेने कम्प्युटर घेतला आणि कुठल्या पार्टीचं कुठलं लेबल, किती छापायचं, कधी पोचवायचं, सगळं त्यात भरलं. जे त्यात नव्हतं ते ह्यांच्या डोक्यात. आणि पौषातल्या एका सकाळी दाढी करता करता हे खाली बसले ते उठलेच नाहीत. कुठे काय ठेवलंय, कुणाला काय कबूल केलंय, एक शब्द सांगितला नाही. चहा अर्धा राहिला होता कपात.

दिवसवार झाल्यावर मोठे दीर घरी आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गाळ्यात अर्धा हिस्सा त्यांचा.

"हे बघ," दादा म्हणाले, "तुला त्यातलं काही कळत नाही. दिवाळीपर्यंत बघू. ऑर्डरी वेळेवर गेल्या तर ठीक, नाहीतर गाळा विकून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

माणूस वाईट नव्हता. माझ्या बऱ्यासाठीच बोलत होते, आणि म्हणूनच जास्त लागलं. तो गाळा गेला असता तर माझ्या हातात शिलाई मशीन तेवढं उरलं असतं. शिवाय ह्यांचं जे काही मागे राहिलं होतं ते तिथेच होतं ना! शाईचा वास, खिळ्याला टांगलेला खाकी कोट, कोटाच्या खिशात बडीशेप. रोज सकाळी कुलूप उघडलं की मी आधी त्या कोटाला हात लावायचे. दुसऱ्या कुणाच्या हातात ती किल्ली द्यायची, हे मनात आलं की मी ती पदराला आणखी घट्ट बांधायचे.

चैत्रात कम्प्युटरचा करार संपला आणि साईं गाळ्यावर आले. स्टूल उघडण्याआधी त्या कोटासमोर हात जोडून उभे राहिले. मग बसले आणि नवा कागद माझ्यापुढे सरकवला. सगळा इंग्रजीत.

"साईं, तुम्ही म्हणाल तिथे सही करते," मी म्हटलं.

पेन गेलं खिशात. "नाही. अदी, काम बाहेर दिलंय, डोकं बाहेर द्यायचं नाही."

आणि शाळा सुरू झाली.

"तुमच्या पोराला ताप आला. डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर दारात आला, त्याला काय म्हणतात?"

"आला म्हणतात."

"तो रिस्पॉन्स. आणि ताप उतरला, ते?"

"बरं वाटलं."

"ते रिझोल्यूशन. इथे लिहिलंय, रिस्पॉन्स टाइम चार तास. म्हणजे काय?"

"म्हणजे चार तासांत कम्प्युटर चालू."

"फसलात!" साईंनी कपाळाला हात लावला. "चार तासांत मी दारात! चालू कधी होईल ते मलापण माहीत नाही. ज्याला आधीच माहीत असतं ना, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा."

मशीन नीट व्हायला वेळ लागला तर ते दुसरं आणून ठेवणार, त्याला स्टँडबाय म्हणायचं. साईंनी विचारलं, कामवाली गावाला गेली तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, ती बदली बाई देऊन जाते, पण बदली बाई भांडी फोडते. साईं इतके खूश झाले की स्टुलावरून उठले. "करेक्ट! स्टँडबाय मशीन पण असंच. रडतखडत चालणार, पण घर चालू राहणार." कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पार्टसकट, हे मला लग्नाच्या हॉलवरून कळलं, की भाड्यात भांडीकुंडी धरलीत की वेगळी. आणि एस्केलेशन, म्हणजे साईंनीच दाद दिली नाही तर कुणाकडे जायचं?

"तुमच्या बायकोकडे," मी म्हटलं.

त्यांनी कराराच्या कोपऱ्यात घरचा फोन नंबर लिहिला. पुढे मी तो दोनदा वापरला, आणि दोन्ही वेळा साईं अर्ध्या तासात हजर!

एवढ्याशा सहीसाठी आठवडाभर खेपा घातल्या त्यांनी. रोज एकदोन शब्द, आदल्या दिवशीचे बोलून दाखवायचे, मगच पुढचे. फक्त शेवटच्या कलमावर त्यांनी तळहात ठेवला. ते वेगळ्या पानावर होतं, खाली सहीची वेगळी जागा.

"आणि हे?"

"टर्मिनेशन. करार संपवायचा तेव्हा हे पान. दोघांची सही. आज नाही, अदी. कामाला सुरुवात करताना असलं बोलत नाहीत."

एकेका शब्दासाठी माझं डोकं खाणारा माणूस, पण ते पान दर वर्षी तसंच उलटायचा.

मधल्या काळात दादांनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आणला होता. टाय लावलेला, चुणचुणीत. त्याचा कागद गुळगुळीत आणि त्यावर रिस्पॉन्स दोन तास. दादा म्हणाले, बघ, निम्मा वेळ. मी त्याला सरळ विचारलं, "भाऊ, रिस्पॉन्स म्हणजे तुम्ही दारात येणार का?"

मुलगा प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "नाही मॅडम, म्हणजे आम्ही कम्प्लेंट लिहून घेणार. माणूस कधी येईल ते मुंबईहून ठरतं." दादा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना राग आला की गंमत वाटली, मला आजही सांगता येत नाही. करार साईंशीच झाला.

साईंची आणखी एक खोड होती, तिच्यामुळे अर्धं उल्हासनगर त्यांच्या नावाने बोटं मोडायचं. बंद दिवस. वर्षातून एकदा, न सांगता ते सकाळी सकाळी यायचे, कम्प्युटर बंद करायचे, मागची वायर उपटून खिशात घालायचे आणि जाहीर करायचे, "आज कम्प्युटर मेला. चालू द्या काम." मग फाटकाजवळ स्टूल टाकून चणे खात बसायचे. संध्याकाळपर्यंत वायर देत नसत. कॅम्पातला एक कापडवाला त्यांच्यामागे गज घेऊन धावला होता म्हणे. साईं धावता धावता त्याला डाउनटाइम म्हणजे काय ते समजावत होते.

आमच्याकडे बंद दिवस आला तो आषाढात. मला काही कल्पना नाही. वायर साईंच्या खिशात, आणि मशीनवरचे गायकवाडभाऊ विचारताहेत, "वहिनी, आता कुठलं लेबल लावू?" मला सांगता येईना. कागदवाला दारात, त्याला किती रिमं सांगू? एका पार्टीचा फोन आला, माल कधी निघतोय? आणि मला एकदम ती पौषातली सकाळ आठवली. तेव्हाही असंच झालं होतं. कुणीतरी वायर उपटून खिशात घालून निघून गेलं होतं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी तरातरा फाटकापाशी गेले आणि साईंना म्हटलं, "लाज नाही वाटत? माझ्या घरात हे एकदा होऊन गेलंय. तुम्ही पुन्हा करून दाखवता?"

भर रस्त्यात रडायला लागले मी. साईंच्या हातातले चणे खाली पडले. उभे राहिले, खिशातून वायर काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "माझ्या डोक्यात नाही आलं, अदी. घ्या. लावा परत."

वायर घ्यायला हात पुढे केला मी. घेतलीही. आणि काय झालं मला, परत त्यांच्या खिशात कोंबली. "राहू दे. संध्याकाळी द्या."

आत गेले आणि गायकवाडभाऊंना म्हटलं, तुम्हाला आठवतात तेवढ्या ऑर्डरींची लेबलं काढा. त्यांना बरीच आठवत होती. पॅकिंगवाल्या बायकांना उरलेली. एकेका लेबलाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, पार्टी कोण, किती छापायचं, कधीपर्यंत. ठेवायची कुठे? गाळ्यात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून सगळी लेबलं वाळत घातली. ऑर्डर गेली की लेबल उतरवायचं, नवी आली की लटकवायचं. संध्याकाळी साईं वायर द्यायला आत आले आणि त्या दोरीखाली मान वर करून कितीतरी वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पापडाची एक चळत पाठवून दिली. दोरी मी पुढेही काढली नाही.

मग दसरा आला, आणि आमचा बॅकअप देवाला वाहिला गेला.

त्याचं असं झालं. कम्प्युटरमधलं सगळं फ्लॉप्यांवर उतरवायचं आणि त्या गाळ्यात न ठेवता घरी न्यायच्या, असा साईंचा नियम. बॅकअप म्हणजे शेजारी ठेवलेली घराची दुसरी किल्ली, हे मी बोलून दाखवलं होतं. तो संच बेलवलीला, फडताळात स्टीलच्या डब्यात. सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं, ह्याला जपा, ह्यात ह्यांचं सगळं काम आहे. सासूबाईंनी जपलं. खंडेनवमीला आम्ही गाळ्यात मशीनची पूजा केली. गायकवाडभाऊ पूजेला हात जोडायचे नाहीत, पण त्यांनी पुसलेलं मशीन सगळ्यात चकचकीत. तिकडे घरी सासूबाईंनी पाट मांडला, त्यावर ह्यांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि शेजारी ओळीने फ्लॉप्या.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. दिवाळीच्या ऑर्डरींनी गाळा भरलेला. नेमके त्या दिवशी दादा गिऱ्हाइकाला जागा दाखवायला घेऊन आले होते. आणि कम्प्युटर टकटक करायला लागला, दाराबाहेर कुणी उभं असल्यासारखा, आणि बंद पडला.

साईं चार तासांच्या आत आले. मशीनला कान लावला, खोललं, झाडलं, पुन्हा कान लावला. "डिस्क गेली, अदी. आतलं काही येणार नाही. बॅकअप आणा."

मी रिक्षाने बेलवलीला. सासूबाई म्हणाल्या, "डबा मी घेते, तू धांदरट आहेस." मांडीवर डबा धरून त्या माझ्याबरोबर आल्या. साईंनी झाकण उघडलं, एक फ्लॉपी काढली, पुढची पत्र्याची पट्टी सरकवली. आत हळद. ओलं करून लावलेलं कुंकू, वर दोन अक्षता चिकटलेल्या. दुसरी काढली, तिलाही. एकूण एक फ्लॉपीला सासूबाईंनी पट्टी सरकवून आत हळदकुंकू लावलं होतं.

एकही फ्लॉपी आता मशीनला वाचता येणार नव्हती. सासूबाई सगळ्यांच्या तोंडांकडे बघायला लागल्या. "का? काय झालं? दर वर्षी त्याच्या हत्यारांची पूजा करते मी. यंदा त्याची हत्यारं हीच की. बाहेरून लावलं तर पुसून जाईल, म्हणून आत लावलं."

त्यांना काय बोलणार कोण? आईच ती. साईंनी ती फ्लॉपी दोन्ही हातांत धरली आणि कपाळाला लावली.

"अम्मा, पूजा एकदम बरोबर आहे. चूक माझी. लांबून करायची असते हे मी सांगितलंच नाही."

दादांनी घसा साफ केला. "मग आता? संपलं म्हणायचं का?"

गिऱ्हाईक कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत होतं. त्या क्षणाला सगळं माझ्यावर आलं होतं आणि ते मला कळत होतं. मी म्हटलं, "संपलं कसं? आज बंद दिवस आहे. गायकवाडभाऊ, दोरीवर पुढचं काय आहे?"

गायकवाडभाऊंनी चिमटा काढला, लेबल उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं. मशीन सुरू झालं. पॅकिंगवाल्या बायका उठल्या. सासूबाईंनीसुद्धा पदर खोचला आणि लेबलांचे गठ्ठे बांधायला बसल्या. साईंनी रडतखडत चालणारं स्टँडबाय आणून ठेवलं आणि आम्ही दोरीवरून एकेक ऑर्डर पुन्हा त्यात भरली. दिवाळीआधी सगळा माल गेला. दोरी मोकळी झाली त्या संध्याकाळी दादा आले, नुसत्या चिमट्यांकडे बघत राहिले, मग मिठाईचा पुडा सासूबाईंच्या हातात देऊन गेले. गाळा विकायचं पुन्हा कुणाच्या तोंडून निघालं नाही. पुढच्या चैत्रात साईं करार घेऊन आले, तेव्हा दादाच म्हणाले, "मला काय दाखवता? तिला दाखवा. तिला कळतं."

कुंकवाची एक फ्लॉपी साईंनी मागून नेली. कॅम्पातल्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवली होती. नव्या गिऱ्हाइकाला बॅकअप समजावताना ती काढायचे. "ही बघा, आमच्या अदीच्या सासूची पूजा. असा बॅकअप देवाला चालतो, मशीनला नाही." सासूबाई गेल्या त्या दिवशीही साईं आले होते. फाटकाबाहेर स्टूल टाकून दिवसभर बसून राहिले.

अशी वर्षं गेली. मुलं मोठी झाली, गाळ्यात एकाचे तीन कम्प्युटर झाले. वर्षातून एकदा वायरी खिशात घालून साईं चणे खात बसायचे, आणि आम्ही बंद दिवस सणासारखा करायला लागलो. खरं सांगते, मी त्या दिवसाची वाट बघायचे.

मग एका चैत्रात ते आले आणि वायरीला हात लावला नाही. ब्रशही खिशात नव्हता. स्टूल उघडलं, बसले, आणि कराराचं ते वेगळं पान माझ्यापुढे ठेवलं.

"अदी, आज शेवटचं कलम. टर्मिनेशन."

डोळ्यांचं काहीतरी झालं होतं त्यांच्या. नजरेच्या मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. "पिन एका ठिकाणी असते, मी हात दुसऱ्या ठिकाणी लावतो," म्हणाले. बायको आदल्या वर्षी गेली होती. मुलगी इंदूरला बोलावत होती. ठाण्याचा एक चांगला मुलगा त्यांनी शोधून ठेवला होता, तो आमचं काम बघणार.

"टर्मिनेशन म्हणजे कुणीतरी एक जण म्हणतो, आता पुरे," साईं सांगायला लागले. "पण असं उठून जायचं नाही. एक महिना आधी सांगायचं. कुठे काय आहे ते दाखवायचं, किल्ल्या द्यायच्या, मग जायचं. न सांगता गेलं की मागच्यांचे हाल होतात." बोलता बोलता त्यांची मान कोटाच्या दिशेने वळली. खाकी कोट तिथेच होता. "हे तुम्हाला मी काय सांगणार, अदी. समजलं?"

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते आपण होऊन ठेवलं होतं.

मी पेन उचललं आणि त्यांच्या खिशात घातलं. "नाही समजलं, साईं."

त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं, कडेने. "बोलून दाखवा."

"येत नाही बोलून दाखवायला. उद्या या."

आणि ते दुसऱ्या दिवशी आले! नियम त्यांचाच होता, करतात काय? भाडेकरूचं उदाहरण दिलं. मुलगी सासरी जाते त्याचं दिलं. मी म्हटलं, मुलगी माहेरी येते परत, हे काही बसत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सगळा महिना ते रोज येत राहिले. ठाण्याच्या मुलाला बरोबर घेऊन एकेक वायर दाखवायचे, आमच्या दोरीचा इतिहास सांगायचे, आणि जाताना पान पुढे करायचे. "समजलं?" "नाही." "अदी, तुम्हाला कॉम्प्रिहेन्सिव्ह एका मिनिटात समजलं होतं." "तेव्हा तरुण होते मी." गायकवाडभाऊ हसायचे. मला हसू येत नव्हतं. ह्यांना एक दिवस जरी असं अडवून धरता आलं असतं तर, एवढंच डोक्यात यायचं.

शेवटच्या दिवशी गाडीची वेळ झाली होती. पान त्यांनी पुढे केलं, मी मागे सरकवलं. साईंनी ते नीट घडी करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. मग स्टूल मिटलं, आणि फाटकाजवळ भिंतीला टेकवून ठेवलं.

"हा स्टँडबाय," म्हणाले. "भांडी फोडेल थोडी. समजलं की फोन करा."

मी फोन केला नाही. मग तेच करायला लागले, वर्षातून एकदा, भाऊबीजेला. इंदूरहून. पहिलं वाक्य तेच, "अदी, समजलं?" मी म्हणायचे, "नाही हो साईं." पलीकडून एक समाधानाचा हुंकार. "मग करार चालू आहे. बंद दिवस केला?" केला म्हणायचे. चणे कुणी खाल्ले, ते विचारायचे. मी खाल्ले, स्टुलावर बसून.

हल्ली आमचा सपोर्ट कुठल्याशा लांबच्या शहरातून चालतो. फोन लावला की गाणं वाजतं, मग एक गोड आवाज मला नंबर देतो आणि समजलं का विचारतो. हो म्हटलं की त्याला तेवढं पुरतं. दारात कुणी येत नाही. काम होतं, खोटं कशाला बोलू? पण फोन ठेवला की मी फाटकाकडे बघते, ती सवय काही जात नाही.

एका भाऊबीजेला फोन आला नाही. ओवाळणीचं ताट तयार, भाऊ येऊन गेला, मी आपली फोनपाशी. संध्याकाळी वाजला. पलीकडे बाईचा आवाज. साईंची मुलगी.

"आंटी, पापा नहीं रहे. दसरे के बाद," ती म्हणाली. "वो बोलके गए थे, भाऊबीज को अदी को फोन करना और पूछना, समझ गई क्या." ती थांबली. "मुझे तो पता नहीं, आंटी, क्या समझना था. आप समझ गईं?"

ते पान खणात होतं, कोरंच. मी फोन कानाला धरून उभी होते. आणि पलीकडे कुणाला दिसणार नाही हे माहीत असूनही, मी नुसती मान हलवत राहिले.